एका पायाचे मोजे

नांदेडात लोकरीचं विणकाम करणाऱ्या बाईकडे लोक जरा संशयानंच बघतात. आमच्याकडे थंडी म्हणजे पंधरा दिवसांची पाहुणी. पेटीतून काढलेल्या मफलरीचा डांबरगोळीचा वास जातो न जातो तोच ती परत निघते. बाकी वर्षभर पंखा, कूलर आणि "काय ऊन म्हणायचं हे". अशा गावात भर मे महिन्यात कूलरसमोर बसून, मांडीवर लोकरीचा गोळा घेऊन चार सुयांवर मोजे विणणारी बाई मी पाहिली आहे. नुसती पाहिली नाही, तिच्या व्हरांड्यात तीनेक वर्षं जवळजवळ रोज जाऊन बसले आहे. त्या गादेवारबाई. त्यांचं पहिलं नाव विमल, पण ते कुणी घेतल्याचं मी ऐकलं नाही. नवऱ्यानंही नाही, तेही त्यांना शाळेतल्या पोरींसारखं 'बाई'च म्हणायचे.

आम्ही दोघी एकाच मुलींच्या शाळेत होतो. मी गणित शिकवायचे आणि त्या कार्यानुभव. कार्यानुभव म्हणजे आमच्या शाळेत बेवारस विषय. पोर्शन राहिला की त्यांचा तास मागून घ्यायचा, ही रीतच होती, आणि मागणाऱ्यांत मी सगळ्यांत पुढे. "गादेवारबाई, आजचा तास द्या, बीजगणित राहिलंय." त्या मान हलवून देऊन टाकायच्या. वर्षातून दोनचारदा मात्र ठाम नकार यायचा. "आज न्हाई कदमबाई. आज टाच वळवायची हाय." मोज्याची नळी सरळ विणत येते आणि टाचेपाशी तिला वळण द्यावं लागतं. तिथं टाके मोजताना चूक झाली तर मोजा कुणाच्याच पायात बसत नाही. त्या दिवशी साक्षात मुख्याध्यापिका आल्या असत्या तरी बाईंनी तास दिला नसता. मला तेव्हा राग यायचा. दहावीचा निकाल काय मोज्यांवर लागणार आहे का, असं मी स्टाफरूममध्ये मोठ्यानं म्हटलेलंही आहे.

बाई ठेंगण्या, सावळ्या, जाड चष्म्याच्या. बोलणं मोजकं. त्यांची एक खोड होती: कुठलीही वस्तू हातात आली की आधी उलटी करून मागची बाजू बघायची. रुमाल, शाल, उशीचा अभ्रा, लग्नात आलेलं पाकीट, काहीही. पोरीनं नाचत येऊन स्वेटर दाखवला की बाई म्हणायच्या, "उलटी बाजू दाव." दोन रंगांच्या विणीत पुढून फुलं दिसतात, आणि जो रंग त्या क्षणी लागत नाही त्याचे धागे मागून ओढत न्यावे लागतात. ते धागे सैल राहिले की बाई फक्त एक शब्द उच्चारायच्या, "उसव." पोरगी रडकुंडीला यायची. मग बाई जवळ घेऊन सांगायच्या, "उसवलं म्हणून लोकर मरत न्हाई गं. परत घाल टाके."

एकदा शिक्षणाधिकारी शाळा बघायला येणार होते. हस्तकलेचं प्रदर्शन मांडलं होतं. मध्यभागी, सगळ्यांत मानाच्या जागी, दहावीच्या एका मुलीनं विणलेले बाळाचे लाल-पांढरे हातमोजे होते. समोर सुंदर अक्षरात पाटी: 'लहान बाळाचे हातमोजे'. साहेबांची जीप फाटकात शिरली आणि नेमकं त्याच वेळी बाईंनी एक हातमोजा उलटा केला. "अगं, ह्यात लेकराचं बोट अडकंल की," असं म्हणून त्यांनी तिथल्या तिथं दोन्हींचे धागे ओढले. आम्ही सगळ्या नुसत्या बघत राहिलो. साहेब टेबलापाशी आले तेव्हा पाटीच्या मागे एक लाल आणि एक पांढरा गुंता पडलेला. साहेबांनी विचारलं, "हे काय?" बाई शांतपणे म्हणाल्या, "हातमोजे हायेत. फकत उसवलेले." मुख्याध्यापिका महिनाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. बाईंच्या ते लक्षात तरी आलं होतं की नाही, कोण जाणे.

त्यांचे यजमान गादेवार शेठ अगदी उलट. भरपूर बोलणारे, गिऱ्हाइकाला हसवून कापड गळ्यात मारणारे. घराणं मुळचं मुखेडचं. तिथल्या आठवडी बाजारात आजोबा जमिनीवर कापड मांडून बसायचे. शेठनी नांदेडात दुकान थाटलं. उजव्या हातात मापाचा लोखंडी गज आणि डाव्या हाताची बोटं कापडावर, असं त्यांचं ध्यान वर्षानुवर्षं मी पाहत आले. गज उजव्यात असल्यामुळे कापड पारखायचं ते कायम डाव्या हातानं. अंगठा आणि दोन बोटांमध्ये कापड धरून हलकेच चोळायचं की झालं. पॉपलीन, केंब्रिक, टू बाय टू, मिसळ किती, धुतल्यावर आटणार किती, सगळं डोळे मिटून सांगायचे. "नजर फसती मॅडम, बोट न्हाई फसत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मला एका लग्नात 'शुद्ध सुती' म्हणून मिळालेला ब्लाउजपीस मी त्यांना मुद्दाम दाखवायला नेला होता. त्यांनी बोट लावलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "मॅडम, ह्यात सूत हुडकायला पोलिसाचं कुत्रं आणावं लागंल."

पाच वर्षांपूर्वी एका दुपारी गिऱ्हाइकाला कापड फाडून देता देता शेठ डावीकडे कलंडले. लकवा. जीव वाचला, वाचा राहिली, डोकंही ठीक राहिलं. डावा हात आणि डावा पाय गेला. हलत नव्हता म्हणून गेला म्हणते असं नाही. शेठच्या लेखी त्यांची डावी बाजूच उरली नव्हती. ताटातला उजवीकडचा भात संपवून विचारायचे, "आज भाजी केली न्हाई का?" भाजी डावीकडे गार होत पडलेली असायची. बाई ताट फिरवायच्या. दाढी अर्धीच करायचे आणि आरशात बघून खुशाल समाधानी असायचे. स्वतःचा डावा हात दिसला तर दचकून म्हणायचे, "ह्यो कुणाचा हाय?"

डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, सहा महिन्यांत जेवढं परत येईल तेवढं आपलं, पुढची आशा धरू नका. बाईंनी ते ऐकलं आणि त्यातला शेवटचा भाग सोडून दिला. व्यायाम शिकवायला एक तरुण मुलगी घरी यायची. ती म्हणाली, डाव्या हाताकडे त्यांचं लक्ष जाईल असं काहीतरी भडक रंगाचं घालत जा. आणि निरनिराळ्या खरखरीत, मऊ वस्तू डोळे मिटून त्या हाताला लावा, ओळखायला सांगा. कधी कधी जाणीव परत येते. त्या मुलीनं हे सहज सांगितलं असेल, दिवसातून चार घरी सांगत असेल तसं. पण बाई जन्मभर शिक्षिका. त्यांच्या दृष्टीनं हा गृहपाठ होता. नोकरीची दोन वर्षं बाकी होती. त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि टाके घातले.

नवी लोकर त्या घेत नसत. जुने स्वेटर जमवायच्या, उसवायच्या, धुऊन दोऱ्यावर वाळत टाकायच्या. मग डाव्या हातासाठी बोटं उघडी ठेवलेले हातमोजे विणायच्या, दोन दोन रंगांचे. केशरी-जांभळा, पिवळा-काळा, पोपटी आणि गुलाबी. एकावर ज्वारीची कणसं होती, एकावर नागमोडी रेघा, एकावर पळसाची फुलं. शेठची नजर एकाला सरावली की दुसरा. सगळे डाव्या हाताचे. उजव्याचा एकही नाही. शेठ त्याकडे बघून म्हणायचे, "बाई, ह्यो हात लई नटायलाय. ह्याचं लगीन हाय का?" त्या एवढ्यावरही खूश व्हायच्या, कारण त्यांनी हाताकडे पाहिलं तरी होतं. शेजारची एक बाई हौसेनं जोडी मागायला आली होती. गादेवारबाईंनी तिला विचारलं, "एकच असतो माझ्याकडं. तुमचा कोन्ता ग्येला?" ती पुन्हा आली नाही.

मोजे ओळखण्यासाठी होते. तेही एकेकटे, जोड नसलेले, कारण प्रत्येकाची वीण वेगळी. एक साबुदाणा विणीचा, बारीक दाणेदार. एक वेणीचा, जाड पेड उठून आलेला. एक चटईसारखा चौकड्यांचा. एक उभ्या पट्ट्यांचा. रोज सकाळी दहाला, आंघोळ-चहा उरकून शेठना व्हरांड्यातल्या खुर्चीत बसवायचं. शेठनी डोळे मिटायचे. उजवा हात डावीकडे जाऊन चोरून मदत करतो, म्हणून बाई तो आपल्या हातात घट्ट धरून ठेवायच्या. दुसऱ्या हातानं मोजा त्यांच्या डाव्या बोटांवरून, तळव्यावरून सावकाश फिरवायच्या आणि विचारायच्या, "कोन्तं?"

शेठ विचार करायचे. खरंच करायचे, कपाळावर आठ्या यायच्या, ओठ हलायचे. मग म्हणायचे, "चटई." मोजा साबुदाण्याचा असायचा. बाई म्हणायच्या, "बरं." आणि तो मोजा त्यांच्या डाव्या पायात चढवून द्यायच्या. चूक, असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. पोरींना चाळीस चाळीस ओळी उसवायला लावणारी ही बाई नवऱ्याच्या चुकीला रोज 'बरं' म्हणायची. चारांतलं एक उत्तर ठोकून द्यायचं म्हटलं तरी कधीतरी बरोबर लागणारच, आणि लागायचंही. पण बाई तेवढ्यावर हुरळत नसत. लगेच दुसरा मोजा फिरवायच्या, आणि तो चुकायचाच. "लागोपाठ तीन," त्या मला म्हणाल्या होत्या. "तीन बरोबर आले तर समजायचं, हात जागा झाला."

मी निवृत्त झाल्यावर त्यांच्याच गल्लीत राहत होते. एकटी बाई, सकाळचा वेळ मोकळा. शाळेत त्यांचे तास लाटले होते त्याची कुठेतरी टोचणीही असावी. मी दहाला जाऊन बसायचे. दीड वर्ष मी ती परीक्षा पाहिली. खरं सांगते, मला ती बघवायची नाही. मी गणितवाली, ज्या उदाहरणाला उत्तर नाही ते खोडून पुढं जायचं, ही माझी शिकवण. एकदोनदा मी बोलूनही दाखवलं, की बाई, किती दिवस करणार हे? त्या टाके मोजत होत्या. मोजून झाल्यावर म्हणाल्या, "दुसरं काय करू, सांगा."

एके दिवशी बाई आत दूध बघायला गेल्या आणि शेठनी मला खुणेनं जवळ बोलावलं.

"मॅडम, एक काम करा माझं. मला कळत न्हाई."

"काय कळत नाही?"

"काहीच. दीड साल झालं, हातावर मोजा फिरवायली का हात हवेत हाय, ते बी कळंना. मी आपलं ठोकून देऊन राहिलो." त्यांचे डोळे भरले होते. "ती 'बरं' म्हणती ना, ते आयकवत न्हाई मला. शिवी दिली असती तर चाललं असतं. एक डाव तरी तिला खूश करू द्या. तुमी गणिताच्या. कायतरी बसवा."

आणि मी बसवलं. बत्तीस वर्षं मी परीक्षेच्या वर्गात कॉप्या पकडल्या. बाहीतून, बुटातून, फुटपट्टीच्या मागून. कॉपी पुरवणाऱ्या भावांना खिडकीतून हाकलून दिलं. ती मी, साठी उलटल्यावर, गादेवार शेठना कॉपी पुरवायचं ठरवलं. एक खोकला म्हणजे साबुदाणा, दोन म्हणजे वेणी, तीन म्हणजे चटई, आणि खोकला नाही म्हणजे पट्ट्या.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मोजा फिरवला. मी दोनदा खोकले.

"वेणी," शेठ म्हणाले.

"बरं," बाई नेहमीसारख्या म्हणाल्या आणि दुसरा मोजा काढला. मी एकदा खोकले.

"साबुदाणा. दाणे लागायलेत की बोटाला, बारीक बारीक," शेठ म्हणाले. त्यांना रंगच चढला होता. एवढं नको हो शेठ, असं मी मनात म्हणत होते.

बाईंचा हात थांबला. त्यांनी पिशवीतून तिसरा मोजा काढला. मी गप्प राहिले. शेठनी बराच वेळ घेतला आणि म्हणाले, "ह्या पट्ट्या."

बाईंनी चष्मा काढून त्याच मोज्यानं पुसला, पुन्हा घातला, "चहा करते" म्हणून आत गेल्या. आतून भांड्याचा आवाज बराच वेळ आला नाही. आला तो चहा बिनसाखरेचा. आम्ही दोघांनी तो मुकाट्यानं प्यायला.

त्यानंतरचे दिवस मला आठवले की अजून कसंतरी होतं. त्या दिवसांत मी एक वेगळ्याच गादेवारबाई पाहिल्या. त्या बोलायला लागल्या. हैदराबादच्या मुलीला फोन करून मोठमोठ्यानं हसून सांगत, "आगं, वळखायलेत! लागोपाठ!" गल्लीत पेढे वाटले. ज्या बाईंनी जन्मात नवी लोकर घेतली नव्हती, त्या बाजारात जाऊन नवी निळी लोकर घेऊन आल्या. "आता जोड करते," म्हणाल्या. "हात जागा झाला, पाय बी होईल. चालायला लागल्यावर दोन मोजे लागतीलच की." आणि मला रोज खोकावं लागत होतं. तीन मोज्यांना तीन खोकले, सहा खोकले, पडतील तसे. बाई काळजीत पडल्या. "कदमबाई, खोकला लई दिवस चाललाय तुमचा," असं म्हणून त्यांनी दारातला अडुळसा तोडून माझ्यासाठी काढा करायला सुरुवात केली. रोज दहाला परीक्षा आणि सव्वादहाला मला कडू काढा. मी तो प्यायचे. दुसरी शिक्षा मला कुणी दिली नव्हती.

प्रत्येक वस्तूची उलटी बाजू बघणाऱ्या त्या बाईंनी ही एक गोष्ट कशी उलटी करून पाहिली नाही, याचं मला तेव्हा नवल वाटायचं. आता वाटत नाही. बघायची नसेल तर कोण बघतं?

लातूरला मेंदूचे एक मोठे डॉक्टर आहेत, असं त्यांना कुणीतरी सांगितलं. बाईंनी नंबर लावला. जाणीव परत यायला लागली आहे तर आता पुढचे उपचार करायचे, दिवस घालवायचे नाहीत. मी म्हटलं, एवढ्यात कशाला. शेठ म्हणाले, उन्हाचं कशाला. बाईंनी दोघांचंही ऐकलं नाही. "तुमी बी चला," त्या मला म्हणाल्या. "तुमच्यासमोरच झालंय सगळं. डॉक्टरला तुमी नीट सांगाल."

भाड्याच्या गाडीनं निघालो. लोहा गेलं, अहमदपूर गेलं. बाई पुढच्या सीटवर बसून निळा मोजा विणत होत्या. टाच वळवून झाली होती. चाकूरला चहासाठी थांबलो. चाकूर माझं गाव. तिथला रस्ता न् रस्ता माझ्या ओळखीचा, पण त्या दिवशी कुठं बघावं ते मला कळेना. बाई पाण्याची बाटली भरायला गेल्या तेव्हा शेठ म्हणाले, "मॅडम, आता काय करायचं वो?"

"सांगून टाकू या."

"कोण सांगणार?"

मी सांगायला हवं होतं. बाटली घेऊन बाई समोरून येत होत्या, चेहऱ्यावर ऊन होतं, आणि त्या हसत होत्या. मी चहाचे कप परत द्यायला उठले. गाडी पुढं निघाली.

डॉक्टर भला माणूस होता. कागद वाचले, शेठशी दोन शब्द बोलले. मग डोळे मिटायला सांगून कापूस लावला, टाचणी टोचली, किल्ली ठेवली, बोटं वर-खाली केली. शेठ प्रत्येक वेळी काहीतरी म्हणत होते. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं आणि बाईंना म्हणाले, "ताई, यात काही फरक दिसत नाही."

"घरी वळखतात की," बाई म्हणाल्या. "रोज वळखतात. किल्लीबिल्लीचं सोडा, हे कापडाचे मानूस हायेत. थांबा, दावते." त्यांनी पिशवीतून मोजा काढला, शेठचा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि डाव्या तळव्यावरून मोजा फिरवला. "कोन्तं?"

तो चटईचा होता. मला समोर दिसत होता. तीन खोकले. शेठनी मान किंचित माझ्या दिशेनं वळवली आणि वाट बघू लागले. डॉक्टरही बघत होते. खोकले असते तर डॉक्टरांनी पुन्हा टाचणी घेतली असती आणि माझंही पितळ उघडं पडलं असतं. म्हणून मी खोकले नाही, असं मी पुढं बरेच दिवस स्वतःला समजावलं. खरं म्हणजे मी भ्याले. ज्यांच्या घरी रोज शूर होते, त्यांना तिथं सोडून दिलं.

"पट्ट्या," शेठ शेवटी म्हणाले.

"बरं," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी मोजा हातात घेऊन पाहिला. "वीण फार छान आहे," म्हणाले.

परत येताना बाईंनी सुया गोळ्यात खोचल्या आणि पिशवी बंद केली. अहमदपूर मागं पडलं. शेठ डोळे मिटून पडले होते, झोपले नव्हते. मग बाई मागं न बघता म्हणाल्या,

"कदमबाई, खोकला बरा झाला म्हणायचा तुमचा."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. बाईंनी हात वर केला, वर्गात करायच्या तसा.

"आकरा दिवस लई चांगले ग्येले," त्या म्हणाल्या. "खोटं कामून बोलू. पण परत करू नका."

महिनाभर मी त्या घराची पायरी चढले नाही. गल्लीतून जाताना मान खाली घालून जायचे. शेवटी एक दिवस बाईच दारात आल्या. "दहा वाजून गेले, आज बी येनार न्हाई का?" एवढंच म्हणाल्या. मी गेले. सगळं पहिल्यासारखं चाललं होतं. केशरी-जांभळा हातमोजा, मिटलेले डोळे, "कोन्तं?" आणि "बरं." शेठ पूर्वीसारखे चुकत होते. फक्त थट्टा कमी झाली होती. निळ्या मोज्याचा जोड तसाच अर्धा, सुयांसकट, टोपलीत पडलेला होता. बाईंनी तो पुरा केला नाही. उसवलाही नाही, आणि त्यांच्यासारख्या बाईनं न उसवणं हे मला जास्त लागलं.

पुढच्या दिवाळीनंतर शेठना दुसरा झटका आला. या वेळी वाचाही गेली. खुर्ची सुटली, खाट आली. डोळे उघडे असायचे, पण ते उजवीकडच्या भिंतीवरच. माणसं ओळखतात की नाही, तेही सांगता येईना. मुलगी आली, महिनाभर राहिली, हैदराबादला चला म्हणून रडली. बाई गेल्या नाहीत.

मलाही आता एकटीनं नांदेडात राहणं झेपेना. भावानं चाकूरला खोली बांधून दिली. सामान गेलं त्या सकाळी मी निरोप घ्यायला गादेवारांकडे गेले. दहाच वाजले होते. दार नुसतं लोटलेलं. बाई खाटेच्या कडेला पाठमोऱ्या बसल्या होत्या, मी आलेलं त्यांना कळलं नाही. हाक मारावी म्हणून मी उंबऱ्यात थांबले आणि थांबूनच राहिले.

त्यांनी शेठच्या डाव्या हातातला हातमोजा उतरवला. उजवा हात आपल्या हातात घेतला. तो हात आता कुठंच जाणार नव्हता, तरी घट्ट धरला. शेठचे डोळे मिटवले. मग मोजा घेऊन एकेका बोटावरून, तळव्यावरून सावकाश फिरवला. वेणीचा होता, जाड पेड मला दारातून दिसत होते.

"कोन्तं?" बाईंनी विचारलं.

पूर्वी जेवढं थांबायच्या तेवढंच थांबल्या. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. उत्तर आता बाईंनाच द्यायचं होतं, आणि बरोबर द्यायला त्यांना कुणाची आडकाठी नव्हती.

"साबुदाणा म्हंता?" त्या म्हणाल्या. "बरं." आणि मोजा त्यांच्या पायात चढवू लागल्या.